शिट्टी आधी की चेंडू आधी?

कोल्हापूरकर : काका, तुम्ही शेवटपर्यंत थांबला होतात म्हणून तुमच्याशीच बोलतो. सामना एक-एक बरोबरीत सुटला, मग टायब्रेकर. समोरच्या शाळेच्या पाच किका झाल्या, चार गोल. आमच्या चार झाल्या, तीन गोल. पाचवी घ्यायला आमचा दहावीतला पोरगा आला. त्यानं मारलेला चेंडू डाव्या खांबाला लागला, परत आला, झेप टाकून आडव्या पडलेल्या गोलकीपरच्या पाठीवर आपटला आणि तिथून उसळून जाळ्यात गेला. पंचानं शिट्टी मारली आणि दोन्ही हात हलवले, गोल नाही. आम्हाला काही कळायच्या आत समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाचायला लागली. आमचा पोरगा पेनल्टीच्या खुणेवरच मटकन खाली बसला. आता तुम्ही इतकी वर्षं इथं बेंगळुरूत शाळा-शाळांचे सामने खेळवलेत, एवढंच सांगा : खांबाला लागून कीपरच्या अंगावरून आत गेलेला चेंडू टायब्रेकरमध्ये गोल असतो की नसतो?

जुना पंच : असतो. त्यात वादाला जागाच नाही. चेंडू थांबला, बाहेर गेला किंवा पंचाने काही आगळीक बघून खेळ थांबवला, की किक संपते. तोवर चेंडू खांबाला लागू दे, वरच्या दांडीला लागू दे, कीपरला लागू दे. आत गेला तर गोल. मारणाऱ्याने फक्त परत आलेला चेंडू पुन्हा मारायचा नाही. १९८६ च्या विश्वचषकात ग्वादालाहाराला ब्राझील आणि फ्रान्सची उपांत्यपूर्व लढत झाली. फ्रान्सच्या बेलोनची किक अशीच खांबावर बसली, ब्राझीलचा कीपर कार्लोस याच्या पाठीवर आपटली आणि आत गेली. ब्राझीलवाल्यांनी कांगावा केला, पंचाने गोल दिला. तोही टायब्रेकर चार-तीननेच सुटला आणि ब्राझील घरी गेला. म्हणजे तुझी बाजू नियमाला धरून आहे. पण बाजू नियमाला धरून असणं आणि हरकत टिकणं या दोन गोष्टींत फार अंतर आहे. शिवाय एक विसरतोस. तो गोल धरला असता तरी तुम्ही जिंकला नव्हतात. चार-चार झाले असते आणि सडन डेथ सुरू झाली असती.

कोल्हापूरकर : ते मान्य. आम्ही जिंकलो असतो असं मी म्हणतच नाही. आमचं जिंकणं हिसकावलं नाही, आमचं खेळणं हिसकावलं. हरायचं असेल तर पोरांनी आपल्या पायानं हरावं की. दुसऱ्याच्या शिट्टीनं का? आणि नियम इतका स्वच्छ आहे तर हरकत का टिकू नये? आयोजकांनी स्पर्धेच्या पत्रकातच छापलंय, लेखी हरकत मुदतीत द्यायची, सोबत फी भरायची. आम्ही नियम दाखवू, व्हिडिओ दाखवू. किक पुन्हा लावा म्हणू. एवढं सरळ आहे.

जुना पंच : सरळ दिसतं, पण तसं नाही. फुटबॉलचा पाचवा नियम पंचाबद्दलचा आहे. खेळात घडलेल्या गोष्टींविषयी पंचाचा निर्णय अंतिम, गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय हे धरून, असं त्यात म्हटलंय. बाहेरच्यांना हे हडेलहप्पीसारखं वाटतं. पण त्यात एक बारीक फट आहे. पंचाला दिसलं नाही, चुकीचं दिसलं, ही नजरेची चूक. ती कुणी दुरुस्त करत नाही. पंचाला दिसलं बरोबर, पण त्यावर त्याने नियमच भलता लावला, तर ती नियमाची चूक. ती क्वचित दुरुस्त होते. २००५ च्या सप्टेंबरात ताश्कंदला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत उझबेकिस्तान बहरीनविरुद्ध एक-शून्यने पुढे होता. त्यांना पेनल्टी मिळाली, चेंडू जाळ्यात गेला. पण किक बसायच्या आधीच त्यांचाच एक गडी पेटीत शिरला होता. तेव्हाचा नियम सांगत होता, अशा वेळी किक पुन्हा घ्यायची. जपानी पंचाने काय केलं? बहरीनला फ्री किक दिली. त्याने पाहिलं होतं ते खरं होतं, लावलेला नियम खोटा होता. उझबेकिस्तानने तक्रार केली की आमचं नुकसान झालं, आम्हाला तीन-शून्यने विजय द्या. फिफाने चूक मानली, पण विजय दिला नाही. अख्खा सामना रद्द करून पुन्हा खेळवला. तो सुटला एक-एक. परतीचा शून्य-शून्य. परक्या मैदानावरच्या त्या एका गोलावर बहरीन पुढे गेला. तक्रार ज्याची होती त्याच्या हातातला जिंकलेला सामनाही गेला.

कोल्हापूरकर : म्हणजे तुम्ही मला भीती घालताय.

जुना पंच : भीती नाही, हिशेब दाखवतोय. आता आपल्या पंचाकडे ये. त्याने शिट्टी का मारली? एक तर त्याची समजूत अशी असेल की खांबाला लागून चेंडू परत आला म्हणजे किक संपली. ही नियमाची चूक. समितीला ऐकावं लागेल. किंवा त्याला वाटलं असेल की चेंडू पूर्ण आत गेलाच नाही. कीपर आडवा पडलेला, रेषा नीट दिसली नाही. ही नजरेची चूक. तुझा व्हिडिओ कितीही लखलखीत असला तरी शाळेच्या सामन्यात ती तशीच राहणार. आणि तिसरी गोष्ट जी मला जास्त संभवनीय वाटते, ती म्हणजे घाई. खांबाचा आवाज झाला, त्याने मनात 'चुकली' म्हटलं आणि चेंडू अजून फिरत असतानाच शिट्टी तोंडात गेली. शिट्टी वाजली की खेळ थांबला. त्यानंतर आत गेलेल्या चेंडूला गोल कसा म्हणायचं? माझ्या मते अशा वेळी किक पुन्हा घ्यायला लावणं हाच न्याय. पण ते माझं मत झालं. तू नीट बघ : शिट्टी एकच, हात हलवणं एकच, निकाल एकच. आणि तुझी हरकत टिकणार की फेटाळली जाणार, हे त्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी काय होतं यावर ठरणार. ते व्हिडिओत दिसत नाही.

कोल्हापूरकर : घाईचं तुम्ही म्हणताय ते मी तपासलंय. मी उगीच तावातावानं बोलत नाही, काका. परवा रात्री व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला आणि एकेक फ्रेम पुढं सरकवली. सेकंदाला तीस फ्रेम आहेत. चेंडू कीपरच्या पाठीला लागतो ती पहिली फ्रेम धरली, तर सातव्या फ्रेममध्ये तो पूर्ण रेषेच्या आत आहे. रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये पांढऱ्या चुन्यापलीकडची लाल माती दिसते, इतका आत. आणि शिट्टीचा आवाज सुरू होतो दहाव्या फ्रेममध्ये. तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. आधी गोल, मग शिट्टी. बायको म्हणाली, ऑफिसच्या कामात एवढं डोकं घातलं असतंस तर बढती मिळाली असती. पण पुरावा तो पुरावा.

जुना पंच : तू कॉर्नरच्या मागच्या पायऱ्यांवर उभा होतास. मी बघितलं तुला, फोन डोक्यावर धरून. तिथून पंच पन्नास मीटर तरी होता. मी दूरवाणीनगरला आयटीआयच्या टेलिफोन कारखान्यात आयुष्य घातलं, आवाजाचा हिशेब अजून विसरलो नाही. चेंडू दिसतो तो तत्क्षणी. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. पन्नास मीटर यायला त्याला सेकंदाचा सातवा भाग लागतो, म्हणजे तुझ्या साडेचार फ्रेम. दहाव्या फ्रेममध्ये तुझ्या फोनला ऐकू आलेली शिट्टी पंचाच्या तोंडात वाजली ती पाचव्या-सहाव्या फ्रेममध्ये. चेंडू आत सातव्यात. तुझ्याच पुराव्यावरून शिट्टी आधी आणि गोल नंतर!

कोल्हापूरकर : थांबा, थांबा. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण तुमचा हिशेबही इतका पक्का नाही. फोनमध्ये चित्र आणि आवाज एका सुताला जुळलेले असतातच असं नाही, दोन-तीन फ्रेमचा फरक सहज पडतो. हे मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. म्हणजे शिट्टी आधी होती हेही सिद्ध होत नाही आणि नंतर होती हेही नाही. मग शंकेचा फायदा कुणाला द्यायचा? चेंडू जाळ्यात होता ही तर शंका नाही ना? जे नक्की माहीत आहे त्याच्या बाजूनं जावं की जे कळूच शकत नाही त्याच्या?

जुना पंच : कोर्टात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. मैदानावर तो पंचाला मिळतो, कारण दुसरा कुणी तो घ्यायला मोकळा नसतो. हे न्यायाचं तत्त्व नाही, सोयीचं आहे, हे मी कबूल करतो. पण ही सोय मोडलीस तर काय होतं ते तू कोल्हापुरात पाहिलंयस.

कोल्हापूरकर : कोल्हापूर काढू नका. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी; कुठल्या तालमीचा सामना आहे यावर घरातली जेवायची वेळ ठरते. शाहू स्टेडियमवर मी आजोबांच्या खांद्यावर बसून सामने बघितलेत. हुल्लडबाजी झाली, सामने थांबवावे लागले, ते मी नाकारत नाही. पण वाद कधी संपत नाही हे आमचं वैभव आहे, रोग नाही. कोणत्या सालच्या फायनलला कुणाचा गोल ऑफसाइड होता, यावर आजही चहाच्या गाडीवर दोन पिढ्या भांडतात. निकाल लागला, कप दिला, तरी सामना मिटत नाही. अंतिम अंतिम म्हणून तुम्ही पंच लोक जे म्हणता ते फक्त कागदावर. लोकांच्या मनात तो सामना चालूच असतो. आणि बेंगळुरूवाल्यांनी फार शहाणपणा शिकवू नये. ३ मार्च २०२३ ची रात्र आठवते ना?

जुना पंच : कंठीरवा स्टेडियमवर होतो मी. बेंगळुरू एफसी आणि केरळा ब्लास्टर्स, बाद फेरीचा सामना. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळेत, ९६ व्या मिनिटाला बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळाची पोरं भिंत लावत होती, कीपर पुढे आला होता, आणि सुनील छेत्रीने शिट्टीची वाट न बघता चेंडू जाळ्यात टाकला. पंचाने गोल दिला. केरळाच्या प्रशिक्षकाने संघ मैदानाबाहेर नेला, तो परत आलाच नाही. पुढे फेडरेशनने त्यांची हरकत फेटाळली, क्लबला चार कोटींचा दंड ठोठावला आणि प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी. तुला यातून काय म्हणायचंय?

कोल्हापूरकर : मला म्हणायचंय की तिथंही सगळं लटकलं होतं ते पंचाच्या तोंडावर. झटपट फ्री किक घेणं नियमात बसतं. पण पंचानं 'थांब, माझ्या शिट्टीवर घे' असं सांगितलं असेल तर बसत नाही. छेत्रीनं नंतर सांगितलं की पंचाशी आपलं बोलणं झालं होतं. केरळावाले म्हणतात आम्हाला थांबवलं होतं. तीस हजार डोळे, दहा-बारा कॅमेरे, आणि खरी गोष्ट काय तर दोन माणसांत झालेलं एक वाक्य. तुम्ही मघाशी तेच म्हणालात, पंचाच्या डोक्यात काय होतं ते. मग इतका मोठा डोलारा ज्या एका माणसाच्या खरेपणावर उभा आहे, त्याला आपण विचारायचंसुद्धा नाही? अंतिम म्हणून हात जोडायचे?

(यानंतरची दोन-चार वाक्यं दोघांच्याही वयाला शोभणारी नव्हती. ती गाळली आहेत.)

जुना पंच : मी विचारू नका म्हणत नाही. विचारून काय मिळवायचंय ते आधी ठरव म्हणतो. टायब्रेकर ही मुळातच एक तडजोड आहे. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाची उपांत्य लढत नेपल्समध्ये बरोबरीत सुटली तेव्हा नाणं उडवलं. इटलीच्या कप्तानाने बाजू बरोबर सांगितली, इटली अंतिम फेरीत. त्यापेक्षा बरं म्हणून १९७० मध्ये पेनल्टी किका आल्या. त्यातही पुन्हा नाणं आहेच; पहिली किक कोण घेणार हे नाण्यावर. स्पेनच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं की पहिल्यांदा मारणारा संघ शंभरातल्या साठ वेळा जिंकतो. नंतरच्या अभ्यासांना तो फरक इतका मोठा दिसला नाही. पण फुटबॉलच्या नियममंडळाला हे इतकं टोचलं की त्यांनी किकांचा क्रम टेनिसच्या टायब्रेकसारखा उलटसुलट करून बघितला आणि २०१८ मध्ये सोडून दिला, लोकांना कळेना म्हणून. तुमची शाळा नाणेफेक हरली होती, हे तू अजून एकदाही म्हणाला नाहीस. मला त्याचंच नवल वाटतं. नाण्याने केलेला अन्याय तुला चालतो, माणसाने केलेला चालत नाही.

कोल्हापूरकर : नाण्यावर रागावून काय करू? नाणं चुकत नाही. त्याला बरोबर असं काही असतच नाही. माणूस चुकतो, कारण त्याला बरोबर करता आलं असतं. फरक तिथंच आहे. आणि दुसरं. तुम्ही जगभरची उदाहरणं दिलीत ती मोठ्या माणसांची. उझबेकिस्तान चार वर्षांनी पुन्हा पात्रता फेरी खेळतो. छेत्रीनं पुढं आणखी सामने खेळले. आमचा पोरगा दहावीत आहे. जानेवारीत प्रिलिम, मार्चमध्ये बोर्ड, मग कॉलेज, मग त्याचा बाप त्याला जेईईच्या क्लासला टिन फॅक्टरीच्या गर्दीतून रोज नेणार. शाळेच्या जर्सीत त्याची ही शेवटची किक होती. 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य तुम्ही त्याला कसं सांगणार? माझा पोरगा नववीत आहे, लेफ्ट बॅक. त्याला सांगता येईल. त्याला नाही. शाळेच्या खेळात चुकीची किंमत सगळ्यात जास्त असते, आणि ती दुरुस्त करायची सोय सगळ्यात कमी. पंच कमी, लाइनमन म्हणून उभा केलेला दुसऱ्या शाळेचा पीटी मास्तर, कॅमेरा म्हणजे आमचे फोन. हे उलटं नाही?

जुना पंच : उलटं आहे. पण तू म्हणतोस तसं सरळ केलं तर काय होतं, त्याचाही दाखला आहे, आणि तो शाळेचाच आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात २०१४ मध्ये हायस्कूलच्या फुटबॉलचा बाद फेरीचा सामना. त्यांचा फुटबॉल हाताने खेळायचा, ते सोड. लोकस्ट ग्रोव्हची शाळा २०-१९ ने पुढे. शेवटची ६४ सेकंदं उरलेली असताना डग्लस हायस्कूलच्या पोराने ५८ यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं. म्हणजे सामना फिरला. पण पळणाऱ्या पोराबरोबर कडेने धावणारा त्यांचा एक प्रशिक्षक सामनाधिकाऱ्याला धडकला, म्हणून पंचांनी टचडाउनच रद्द केलं. नियमात त्याची शिक्षा होती पुढच्या खेळीला पाच यार्ड, टचडाउन रद्द करणं नव्हे. तू शोधतोयस ती शंभर टक्के नियमाची चूक. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने चूक मान्य केली, माफी मागितली. तरी निकाल बदलला नाही. ओक्लाहोमा सिटीचा शिक्षण विभाग न्यायालयात गेला : शेवटची ६४ सेकंदं तरी पुन्हा खेळवा, नाहीतर अख्खा सामना. न्यायाधीश बर्नार्ड जोन्स यांनी डिसेंबरात नकार दिला. अशी वाट एकदा न्यायालयाने उघडली तर प्रत्येक शनिवारचा सामना सोमवारी कोर्टात येईल, हा त्यातला धोका. आणि माझ्या मते ते बरोबर होतं. कारण मग ज्या शाळेच्या पालकांत वकील जास्त, ती शाळा जास्त सामने जिंकेल. आपल्या भागातल्या कुठल्या शाळेकडे ते आहेत आणि कुठल्या शाळेकडे नाहीत, तुला वेगळं सांगायला नको. परवा ज्यांनी नाचून घेतलं त्यांच्यातल्या निम्म्या पोरांचे वडील फोन बाजूला ठेवून, सुट्टी टाकून सामना बघायला येऊ शकले नव्हते. पायऱ्यांवर तुमचीच बाजू भरली होती.

कोल्हापूरकर : हे लागलं मला. खरंय, पायऱ्यांवर आम्हीच होतो. समोरच्या शाळेच्या बाजूला चार-पाच आया आणि एक वॉचमन. मान्य. पण काका, तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतो. त्या सामन्यात कुणाला काही शंका होती का? संघटनेला माहीत होतं, पंचांना माहीत होतं, समोरच्या शाळेला माहीत होतं, न्यायाधीशालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत असलेली चूक सगळ्यांनी मिळून अंतिम ठरवली. पूर्वी पंचाचं अंतिम असणं चालून जायचं, कारण खरं काय ते कुणालाच कळत नव्हतं. आता बस पकडायच्या आत सगळ्यांच्या फोनवर येतं. आता अंतिम म्हणजे 'आम्हाला माहीत आहे, तरी तसंच राहू दे'. हे वेगळं आहे. पहिलं अज्ञान होतं. हे दुसरं मला चालत नाही, निदान शाळेत तरी नाही. कारण शाळेत पोरं बघतायत, आणि ती फुटबॉलपेक्षा मोठं काहीतरी शिकून जातायत.

जुना पंच : हे तू नेमकं बोललास, आणि मला याचं उत्तर पूर्ण येत नाही. फक्त एक सांगतो. माहीत असणं फार स्वस्त झालंय असं तू म्हणतोस, पण आत्ताच तू फ्रेम मोजून आणि मी आवाज मोजून, आपण दोघांनी मिळून इतकंच सिद्ध केलं की काही माहीत नाही. ओक्लाहोमाची चूक उघडी होती. आपल्यासारख्या शंभरातल्या नव्वद चुका उघड्या नसतात, त्या फक्त उघड्या वाटतात. आणि प्रत्येकाला आपलीच उघडी वाटते. आणखी एक सांगू? हरलेल्या सामन्यातलं काय टिकतं ते आपल्या हातात नसतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारत फ्रान्सशी दोन-एकने हरला. आपला एकुलता गोल आपल्या बेंगळुरूच्या सारंगपाणी रामनचा. शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने विजयी गोल केला. त्या सामन्यात भारताने दोन पेनल्टी घालवल्या होत्या, एक तर साक्षात शैलेन मन्ना यांनी. आज कुणाला विचार, 'अनवाणी खेळले' एवढंच सांगतील. पेनल्टी कुणी आठवत नाही. कदाचित तुझ्या पोराचं उलट होईल. त्याची बाकी कारकीर्द कुणाला आठवणार नाही आणि खांबाला लागून आत गेलेली ती किक के. आर. पुरमच्या शाळांत वीस वर्षं सांगतील.

कोल्हापूरकर : त्याला ती गोष्ट नकोय, गोल हवाय. बरं, पंचाला विचारायचं नाही तर कीपरला का विचारू नये? चेंडू त्याच्या पाठीवरून आत गेला हे त्याला कळलं असणारच. सामना संपल्यावर त्यानं तो चेंडू कुठून उचलला? जाळ्यातून! मी व्हिडिओत बघितलंय. पंधरा वर्षांचं पोर, पण न बोलता नाचायला गेलं. १९९७ मध्ये लिव्हरपूलचा रॉबी फाउलर आर्सेनलच्या कीपरसमोर पडला, पंचानं पेनल्टी दिली, तर तो उठून हात हलवत सांगायला लागला की मला कुणी पाडलं नाही. २०१२ मध्ये लाझिओचा क्लोझं नापोलीविरुद्ध हातानं गोल करून पंचाकडं गेला आणि म्हणाला, हात लागला. पंचानं गोल रद्द केला, त्याच्याशी हात मिळवला. शाळेत हे शिकवत नाहीत का?

जुना पंच : फाउलरची गोष्ट पुढेही सांग. पंचाने ऐकलं नाही, पेनल्टी कायम ठेवली. फाउलरने मारली, कीपरने अडवली आणि परत आलेला चेंडू लिव्हरपूलच्याच मॅकअटिअरने जाळ्यात टाकला. खरं बोलूनही गोल झालाच. आणि क्लोझं चौतीस वर्षांचा होता, विश्वचषक खेळून बसलेला. त्याला कबुलीची किंमत परवडत होती. पंधरा वर्षांच्या पोराने चार मित्रांना, मास्तरला, आणि सुट्टी टाकून आलेल्या एका आईला डावलून जाऊन सांगायचं, सर, गोल होता? तुझा पोरगा त्या जागी असता तर गेला असता? तू त्याला जाऊ दिलं असतंस? पायऱ्यांवरून खाली उतरून त्याला मागे ओढणारा पहिला माणूस तू असतास, असं मला वाटतं. राग नको मानू.

कोल्हापूरकर : राग नाही. कदाचित असतोही. मग करायचं काय? हरकत आज संध्याकाळपर्यंत द्यायची आहे. पीटीचे सर मसुदा माझ्याकडं टाकून मोकळे झाले.

जुना पंच : मी असतो तर गोल मागितला नसता, निकालही मागितला नसता. एकच प्रश्न लिहिला असता : खांबाला लागून परत आलेल्या चेंडूवर पंचांनी शिट्टी कोणत्या कारणाने वाजवली, ते त्यांच्या अहवालात नमूद व्हावं. नियमाचं कलम खाली जोडायचं. बस. त्याने 'किक संपली असं वाटलं' असं लिहिलं तर तुमची किक पुन्हा होण्याला आधार मिळतो. 'चेंडू आत दिसला नाही' लिहिलं तर प्रश्न मिटला.

कोल्हापूरकर : आणि तो काय लिहील हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. पहिलं लिहिलं तर पंचाला नियम येत नाही असा बोभाटा होतो, पुढच्या महिन्यात त्याला सामना मिळत नाही. दुसरं लिहिलं तर काही होत नाही. मानधन किती मिळतं त्याला, तुम्ही सांगा. म्हणजे खोटं बोलणं फुकट आहे आणि खरं बोलणं महाग. मी त्याला प्रश्न विचारत नाही, सापळा लावतोय.

जुना पंच : सापळा खरा. पण तू खरेपणाचा आग्रह धरलास तर तो कुणासाठी तरी सापळा होणारच; कीपरसाठी, पंचासाठी किंवा तुझ्यासाठी. तुझंच घे. हरकतीबरोबर व्हिडिओ जोडणार आहेस का? जोडलास आणि समितीत कुणी माझ्यासारखा म्हातारा बसला असला, तर तो विचारेल, तुम्ही किती मीटरवर होतात.

कोल्हापूरकर : आणि नाही जोडला तर?

जुना पंच : तर समितीसमोर चेंडू आत गेल्याचाही पुरावा नाही, फक्त तुमचा शब्द. व्हिडिओ चेंडूपुरता कापूनही पाठवता येतो, आवाजाशिवाय. तेवढं तुला येतंच.

कोल्हापूरकर : येतं. काल रात्री करूनही ठेवलाय, आवाज काढून. म्हटलं, मागून पोरांच्या शिव्या ऐकू येतात, बरं दिसत नाही. तेव्हा खरंच तेच कारण होतं. आता तुम्ही हे सगळं सांगितल्यावर तीच फाइल पाठवली तर कारण दुसरं होतं. फाइल तीच. घड्याळात किती वाजलेत?

जुना पंच : सव्वाचार. सहाला कार्यालय बंद होतं, आणि हँगिंग ब्रिजवरून या वेळेला पाऊण तास धर.